ऑटोक्रॉससाठी टायर आणि सस्पेन्शन: आधी काय बदलावं, नंतर काय

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: पहिल्या पिढीची टोयोटा ८६ आहे, रिम मूळचेच म्हणजे १७ इंची आणि ७ इंच रुंद, टायर कंपनीने दिलेले. गाडी रोज वापरात आहे आणि अधूनमधून ऑटोक्रॉसला (मोकळ्या जागेत शंकू मांडून आखलेल्या कोर्सवर एकेका गाडीने घड्याळाविरुद्ध धावायची स्पर्धा) नेली जाते. वळणात शिरताना नाक बाहेर जातं, आणि स्लॅलममध्ये (ओळीत ठेवलेल्या कोनमधून, म्हणजे शंकूंमधून, नागमोडी जाताना) तिसऱ्या-चौथ्या कोनपाशी मागची बाजू सुटायला लागते. कॉइलओव्हर (उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकचे जोड) घ्यायचे, पुढे-मागे जाड अँटी-रोल बार (वळणात गाडीचा कल रोखणारे दांडे) लावायचे आणि उरलेल्या पैशांत बसतील ते टायर घ्यायचे, असा बेत आहे. हा क्रम योग्य आहे का?

नाही, क्रम नेमका उलटा आहे. आधी टायर, मग अलाइनमेंट, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मग लागलाच तर एक बार, आणि स्प्रिंग सगळ्यात शेवटी. पुष्कळ जण स्प्रिंगपासून सुरुवात करतात, कारण गाडी खाली बसलेली दिसते आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. घड्याळाला मात्र ते दिसत नाही.

ऑटोक्रॉसची एक फेरी साधारण ४५ ते ६० सेकंदांची असते. बहुतेक वेळ दुसऱ्या गिअरमध्ये आणि ताशी ५० ते १०० किलोमीटरच्या आसपास जातो. रेसट्रॅकवर असतं तसं लांब, एकसारखं वळण इथे क्वचितच येतं. गाडी सतत डावीकडून उजवीकडे, ब्रेकवरून अ‍ॅक्सिलरेटरवर, अशी बाजू बदलत असते. म्हणून कुठलाही भाग घेताना दोनच प्रश्न विचारायचे. पहिल्या दहा सेकंदांत हा कामाला येतो का? आणि गाडी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना टायरला मदत करतो का? या दोन्हींत जो बसत नाही तो थांबू शकतो.

खरेदीला निघण्यापूर्वी तुमच्या वर्गाचे नियम वाचा. उदाहरणार्थ, अमेरिकेतल्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सोलो, म्हणजे ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये स्ट्रीट वर्गात टायरचा ट्रेडवेअर आकडा (टायर किती टिकतो हे सांगणारा) किमान २०० लागतो, रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, शॉक बदलता येतात, पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच बार बदलता येतो आणि स्प्रिंगला हात लावता येत नाही. म्हणजे कॉइलओव्हर आणि दोन बार या तुमच्या बेताने गाडी थेट वरच्या वर्गात जाईल, आणि तिथे तिची गाठ रुंद रिम-टायर लावून पूर्ण तयार केलेल्या गाड्यांशी पडेल. तुमच्याकडचे आयोजक कुठले नियम लावतात आणि चालू वर्षात त्यात काय बदललंय, हे आधी पाहा.

आता टायर. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण फरकाचा मोठा हिस्सा इथेच आहे.

ट्रेडवेअरचा आकडा ग्रिपचा आकडा नाही. झिजेच्या चाचणीत टायर एका ठरलेल्या मार्गावर सुमारे ११,५०० किलोमीटर चालवतात, संदर्भ टायरच्या तुलनेत झीज मोजतात, आणि त्यावरून आकडा उत्पादक स्वतःच जाहीर करतो. त्यामुळे २०० लिहिलेल्या दोन टायरांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस, योकोहामा अ‍ॅडव्हान ए०५२, फाल्कन अझेनिस आरटी६६० आणि हँकूक व्हेंटस आरएस४ या चौघांवरही २००च लिहिलंय. यातला आरएस४ उष्णता सहन करतो आणि बराच टिकतो. ट्रॅकवर वीस-वीस मिनिटं फिरणाऱ्याला तो आवडतो. पण त्याला तापायला वेळ लागतो, आणि एका मिनिटाच्या फेरीत तेवढा वेळ तुमच्याकडे नाही. ए०५२ याच्या उलट आहे. पहिल्याच वळणात पकडतो, पण लवकर तापून घसरायलाही लागतो. एकाच गाडीत दोन ड्रायव्हर आलटून-पालटून फेऱ्या मारत असतील तर दोन फेऱ्यांच्या मध्ये त्यावर पाण्याचा फवारा मारावाच लागतो. आरई-७१आरएस लवकर तापतो, स्टिअरिंगला झटपट उत्तर देतो आणि दिवसभरात त्याचं वागणं फारसं बदलत नाही.

तुम्ही एकटे चालवणार आणि गाडी रोजच्या वापरातही आहे, तर माझं मत आरई-७१आरएसच्या बाजूने आहे. ड्रायव्हर एकच आणि हवा थंड असेल तर ए०५२ थोडा पुढे जाऊ शकतो. पायलट स्पोर्ट ४एससारखे ३०० ट्रेडवेअरचे रस्त्यावरचे टायर उत्तम आहेत, पावसात तर फारच चांगले, पण कोरड्या कोर्सवर ते या गटाला गाठू शकत नाहीत. हूझियर ए७ हा खास अशाच छोट्या, थंड फेऱ्यांसाठी बनवलेला स्लिकसारखा, जवळजवळ खाचा नसलेला टायर आहे. तुमच्या वर्गात तो चालत नसेल तर विचारही करू नका. चालत असला तरी वेगळे रिम हवेत आणि ते गाडीत लादून न्यावे लागतात.

मापाचं गणित कागदावर करून पाहा. तुमचा मूळ टायर २१५/४५ आर१७, बाहेरचा व्यास सुमारे ६२५ मिलिमीटर. २२५/४५ आर१७ घेतला तर व्यास ६३४ होतो, म्हणजे गिअरिंग दीड टक्का लांब आणि उचल तेवढी मंद. २४५/४० आर१७चा व्यास ६२८, जवळजवळ मूळचाच आणि ३० मिलिमीटर जास्त रुंद. वाचून लगेच २४५ घ्यावासा वाटेल, पण त्याला किमान ८ इंची रिम लागतो आणि तो ९ इंचीवर खरा खुलतो. ७ इंची रिमवर तो चढवलात तर बाजूच्या भिंती आत ओढल्या जातात, ट्रेडचा मधला भाग फुगतो आणि स्लॅलममध्ये गाडी भिंतींवर डोलते. स्टिअरिंग वळवल्यावर नाक जागचं हलायला जो क्षण लागतो, तो इथेच लांबतो. टायर रुंद करायचा असेल तर आधी रिम रुंद करा. रिम बदलता येत नसेल तर २२५ घ्या आणि गिअरिंगमधली ती दीड टक्क्याची तूट सोसा. मूळ रिमवर चांगल्या कंपाउंडचा (रबराच्या मिश्रणाचा) २२५ हा अरुंद रिमवर कोंबलेल्या २४५ पेक्षा चालवायला कितीतरी सरळ असतो.

घेताना बाजूच्या भिंतीवरचा चार आकडी तारीख-कोड बघायला विसरू नका. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. या जातीचं रबर तापून-थंड होऊन आणि नुसतं पडून राहूनही कडक होत जातं. स्वस्तात मिळालेला जुना साठा ट्रेड भरपूर दिसला तरी तुमच्या कामाचा नाही. एक व्यवहाराची गोष्ट: हे टायर तुम्ही रोज चालवलेत तर त्यांचं आयुष्य ऑफिसच्या रस्त्यावर संपेल. दुसरे रिम घेणं जमत असेल तर या सगळ्या खर्चात तो सर्वांत शहाणपणाचा.

हवेचा दाब ठरवायला यंत्र लागत नाही, खडू पुरतो. ट्रेड जिथे संपून भिंत सुरू होते त्या कडेवर, प्रत्येक टायरला तीन ठिकाणी, खडूची जाड आडवी रेघ ओढा. पांढरं बूटपॉलिशही चालतं. बहुतेक टायरांच्या खांद्याशी एक छोटा त्रिकोण कोरलेला असतो. फेरी मारून आलात की खाली वाकून बघा, खडू कुठपर्यंत पुसला गेलाय. त्रिकोणाच्या टोकापर्यंत पुसला असेल तर दाब जागेवर आहे. त्याच्याही खाली, भिंतीवर उतरला असेल तर टायर दुमडतोय, हवा वाढवा. टोकापासून बराच वर राहिला असेल तर हवा जास्त आहे. तुमच्या गाडीला गरम असताना पुढे ३३ ते ३५ पीएसआय आणि मागे त्याच्या जवळपासच, अशी सुरुवात करा. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो, म्हणून सकाळी लावलेला दाब दुपारी तसाच राहील असं धरू नका. प्रत्येक फेरीनंतर मोजा आणि वहीत लिहा.

टायरचं तापमान आत-मध्ये-बाहेर असं तीन जागी मोजावं, असं तुम्हाला सांगितलं जाईल. ट्रॅकवर त्याला अर्थ आहे. इथे फेरी संपवून हळूहळू रांगेत परत येईपर्यंत वरचा थर निवलेला असतो आणि आकडे फसवे निघतात. खडू आणि खांद्याच्या रबराचा पोत, या दोन गोष्टींवर माझा जास्त भरवसा आहे. खांदा गुळगुळीत, गोल झालेला आणि आतली कड अगदी नवी दिसत असेल तर उत्तर हवेत शोधू नका. ते कॅम्बरमध्ये, म्हणजे समोरून पाहताना चाक आत किंवा बाहेर किती कललंय त्यात आहे. वरची बाजू आत कललेली असली की तो निगेटिव्ह.

तुमचं नाक बाहेर जातं त्याचं मूळ बहुधा हेच आहे. ८६ला पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंगचा एकच खांब, चाकाला वरून धरणारा) आहे आणि कारखान्यातून पुढचा कॅम्बर शून्याच्या आसपास येतो. गाडी तीन-चार अंश कलली की स्ट्रटमुळे बाहेरच्या चाकाला त्या प्रमाणात निगेटिव्ह कॅम्बर मिळत नाही. चाक बाहेरच्या कडेवर उभं राहतं आणि टायरची अर्धी रुंदी वाया जाते. महागातला महाग टायरसुद्धा या अवस्थेत खांद्यावर घासून संपतो. नकल (चाक धरणारा भाग) आणि स्ट्रट जोडणारे बोल्ट बदलून तिथे कॅम बोल्ट, म्हणजे मध्यापासून सरकलेला उंचवटा असलेले, फिरवले की चाकाचा कल बदलणारे बोल्ट लावले तर साधारण एक ते दीड अंश मिळतो. कॅम्बर प्लेट (स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवू देणाऱ्या) लावता येत असतील तर पुढे अडीच ते तीन अंश निगेटिव्हपर्यंत जा. मागे दीड ते दोन पुरेत. मागच्या मल्टिलिंक (अनेक दांड्यांच्या) रचनेला कलताना कॅम्बर आपोआप मिळतो, तिथे पुढच्याइतका लागत नाही.

आता टो, म्हणजे वरून पाहताना चाकांची पुढची टोकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते. तो पुढे शून्य, किंवा दोन्ही चाकं मिळून दोन-तीन मिलिमीटर बाहेर. त्याने नाक वळायला उतावीळ होतं. मागे मात्र दोन्ही मिळून दोन मिलिमीटर आत ठेवाच, तुमचा शेपूट सुटण्याचा त्रास निम्मा तिथे कमी होऊ शकतो. रोजच्या वापरात आतली कड खाणारा खरा दोषी टो-आउट असतो, कॅम्बरवर मात्र उगाच बिल फाडलं जातं. म्हणून एरवी पुढचा टो शून्य ठेवून कॅम्बर तसाच राहू द्या. अलाइनमेंट करताना ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या वजनाचं काहीतरी ठेवायला सांगा आणि टाकीत नेहमी असतं तेवढंच पेट्रोल ठेवा.

टायर आणि अलाइनमेंट झाल्यावर दोन-तीन स्पर्धा तशाच चालवा. त्यानंतरही स्लॅलममध्ये तिसऱ्या-चौथ्या कोनपाशी मागची बाजू सुटत असेल तर शॉककडे या.

तिसऱ्या-चौथ्या कोनपाशीच का, पहिल्यापाशी का नाही, याला कारण आहे. पहिल्या कोनला गाडी एका बाजूला कलते. दुसऱ्याला ती उलट कलते, पण मधल्या काळात स्प्रिंगमध्ये साठलेला जोर सुटून तिला थोडं जास्तच ढकलतो. शॉकने तो जोर वेळेत आवरला नाही तर तिसऱ्या कोनला अंग आणि स्टिअरिंग एकमेकांच्या मागे-पुढे पडतात. चौथ्याला ड्रायव्हर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. इथे सगळा खेळ शॉकच्या रॉडच्या हळू हालचालीचा आहे, सेकंदाला पाच-सात सेंटिमीटर किंवा त्याहून कमी. खड्ड्यातली हालचाल याच्या कितीतरी पट जलद असते. म्हणून फक्त खड्डे गिळण्यासाठी उत्तम असलेला शॉक इथे ढिला पडू शकतो. घेताना विक्रेत्याला हळू गतीतला डॅम्पिंगचा (हालचाल रोखणाऱ्या जोराचा) आलेख मागा. तो जो दाखवू शकत नाही त्याच्याकडच्या शॉकचे चोवीस क्लिक (फिरवून कडक-मऊ करायचे टप्पे) तुमच्या उपयोगाचे नाहीत.

मूळ स्प्रिंगवर बसणारे, फक्त रिबाउंड (शॉक लांबत असतानाचा विरोध) बदलता येणारे शॉक तुम्हाला पुरतील. पिवळे कोनी त्या प्रकारचे आहेत. बिलस्टिन बी८ चांगले आहेत, पण त्यात फिरवायला काही नाही आणि ते खाली बसवलेल्या गाडीसाठी बनवलेले आहेत. जुळवायची पद्धत सोपी आहे. चारही बाजू मऊवर ठेवून सुरुवात करा, पुढे-मागे सारखं वाढवत न्या. एका टप्प्यावर गाडी हात हलवल्याबरोबर हलू लागते. आणखी वाढवलं की खडबडीत डांबरावर ती चाकं उचलून उड्या मारायला लागते, आणि रिबाउंड अतिच झाला तर लागोपाठच्या उंचवट्यांवर चाक परत खाली यायला वेळ न मिळून गाडी खाली खाली बसत जाते. तिथून थोडं मागे या, ती तुमची जागा. मग पुढचा-मागचा तोल लावा: वळणात शिरताना नाक जड वाटलं तर पुढचा रिबाउंड थोडा कमी करून पाहा, अ‍ॅक्सिलरेटर सोडताच शेपूट उडत असेल तर मागचा कमी. एका वेळी एकच बदल, आणि फरक खरा वाटला तर परत मूळ जागी नेऊन एक फेरी मारा. त्या फेरीत जुना त्रास परत आला तरच फरक खरा. तोवर डांबर तापलेलं असतं, तुमचाही हात बसलेला असतो, आणि वेळ कमी झाली ती कशाने हे कळत नाही.

बारबद्दल थोडक्यात. गाडी ड्रायव्हरसह १३२५ किलोची, गुरुत्वमध्य ४६ सेंटिमीटरवर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १.५३ मीटर आणि वळणातलं बल १.१ जी धरलं, तर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सुमारे ४४० किलो भार सरकतो. बार कितीही जाड लावलात तरी हा ४४०चा आकडा बदलत नाही. त्यातला किती भाग पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या, एवढंच बार ठरवतो. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची ग्रिप दुप्पट होत नाही, थोडी कमीच मिळते. म्हणून ज्या जोडीला बार जाड, त्या जोडीची एकूण ग्रिप कमी. हे नुसतं वाचलं तर पुढे जाड बार लावल्याने नाक आणखी बाहेर जायला हवं. स्ट्रटच्या गाडीत मात्र बऱ्याचदा उलट होतं, कारण कल कमी झाल्याने बाहेरच्या टायरचा वाया जाणारा कॅम्बर वाचतो, आणि आतलं मागचं चाक जमिनीवर टेकून राहिल्याने वळणातून बाहेर पडताना जोर मिळतो. तुमच्या गाडीला बार लागलाच तर फक्त पुढचा. दोन्ही बदलले तर कशाचा परिणाम काय झाला हे कधीच कळणार नाही. पुढची चाकं चालवणाऱ्या गाडीला हा सल्ला लागू नाही, तिथे मागचा बार जाड करतात आणि आतलं मागचं चाक उचललं गेलं तरी चालतं.

स्प्रिंगकडे शेवटी या, आणि तेही वर्ग बदलायचा निश्चय झाल्यावर. स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकापर्यंत जसाच्या तसा पोचत नाही. तो मोशन रेशोच्या (चाकाच्या मानाने स्प्रिंग किती हलते त्या प्रमाणाच्या) वर्गाने कमी होतो. समजा पुढे-मागे दोन्हीकडे मिलिमीटरला ७० न्यूटनची स्प्रिंग लावली. पुढे स्ट्रटचा रेशो ०.९५ धरला तर चाकापाशी ६३ मिळतात, मागे ०.७५ धरला तर जेमतेम ३९. स्प्रिंगवर तोललेलं वजन पुढे प्रत्येक कोपऱ्याला ३२० आणि मागे २७० किलो धरलं तर पुढची नैसर्गिक वारंवारता (ती बाजू स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा झुलते ती) सुमारे २.२ हर्ट्झ येते आणि मागची १.९. छापील आकडे सारखे असूनही पुढची बाजू कडक निघाली. म्हणून दुसऱ्या जातीच्या गाडीवर कुणी अमुक स्प्रिंग लावली हे ऐकून तीच उचलू नका. रस्त्यावरची स्पोर्ट्स कार साधारण दीड हर्ट्झच्या आत-बाहेर असते, ऑटोक्रॉसला दोन ते अडीचच्या दरम्यान पुरतं. स्प्रिंग दुप्पट कडक केली की तिला तितक्याच चांगलं आवरायला शॉकचं डॅम्पिंग सुमारे ४० टक्के जास्त लागतं, आणि मूळ शॉकवर नुसती कडक स्प्रिंग लावणाऱ्यांची गाडी उसळते ती याच कारणाने.

उंची फार कमी करू नका. स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म (चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसू लागला की समजा, हद्द ओलांडली. गुरुत्वमध्य दोन सेंटिमीटर खाली आला तरी रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) त्याहून जास्त खाली गेलेलं असतं, त्यामुळे कल वाढतो, कॅम्बर हरवतो आणि गाडी बंप-स्टॉपवर (शॉकची हालचाल संपते तिथल्या रबरी अडसरावर) टेकते. बंप-स्टॉपला टेकल्या क्षणी त्या कोपऱ्याची स्प्रिंग अचानक कितीतरी कडक होते आणि ते चाक सुटतं. शॉकच्या रॉडवर एक प्लॅस्टिकची पट्टी किंवा रबरी कडं सरकवून ठेवा, दिवसाच्या शेवटी ते किती वर गेलं यावरून टेकलं की नाही ते कळेल. कॉइलओव्हर लावलेच तर चारही चाकांचं वजन करून घ्या, तुम्ही सीटवर बसलेले आणि अँटी-रोल बारचे दुवे सोडलेले असताना. तिरक्या जोड्यांचं वजन ५० टक्क्यांच्या जवळ आलं की डावीकडे आणि उजवीकडे गाडी सारखी वळते.

बुश (आर्मच्या जोडांत बसवलेले रबरी तुकडे) बदलायचे असतील तर जिथे आर्म एकाच अक्षावर फिरतो तिथे पॉलियुरेथेन चालतं. मागच्या मल्टिलिंकमधल्या, अनेक दिशांना वळणाऱ्या जोडांमध्ये ते अडकतं आणि सस्पेन्शन मोकळं हलू देत नाही. तिथे मूळ रबर किंवा गोलाकार बेअरिंग हेच दोन पर्याय. आणि काम कुणाकडूनही करून घ्या, पण रबरी बुश असलेल्या आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायला सांगा. लिफ्टवर चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची चुकीची दिसते आणि बुश लवकर फाटतो. पहिल्या स्पर्धेनंतर स्ट्रटचे, कॅम्बरचे आणि चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. कॅम बोल्ट थोडा जरी सरकला असेल तर डावा-उजवा कॅम्बर वेगळा पडतो आणि तुम्ही पुढचे दोन महिने शॉक फिरवत बसता.